तपासणीची किल्ली कोणाच्या हाती?



आज मी ज्या कायद्याविषयी बोलणार आहे, तो आपल्या देशातला नाही. युरोपीय महासंघाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘डिजिटल सेवा कायदा’ केला आणि १७ फेब्रुवारी २०२४ पासून तो महासंघाच्या सर्व २७ देशांत पूर्णपणे लागू झाला. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, टिकटॉक, एक्स, ॲमेझॉन, गूगलचा शोध, इतकेच काय विकिपीडियासुद्धा त्याच्या कक्षेत येतो. टिकटॉक वगळले तर ही सारी साधने रोज आपल्याही हाताळण्यात असतात. म्हणून या कंपन्यांना कायद्याने कुठे वळवता येते आणि कुठे त्या हातातून निसटतात, हा प्रश्न आपल्याला परका नाही. कायदा कागदावर उत्तम असणे ही एक गोष्ट झाली आणि त्याचे पालन होणे ही दुसरी. पालन झाले की नाही हे कळणे ही मात्र तिसरीच गोष्ट आहे, आणि आजचे माझे म्हणणे तिच्याविषयी आहे. युरोपातला अनुभव पाहता माझे मत असे झाले आहे की, जिथे पालन तपासण्याचे साधन कंपनीबाहेरच्या माणसाच्या हाती आले तिथे कायदा चालला, आणि जिथे पालनाचा हिशेब कंपनीनेच लिहायचा आणि तिनेच वाचून दाखवायचा असे राहिले तिथे जाडजूड अहवालांपलीकडे फारसे काही हाती लागले नाही.

हे मत तपासून पाहण्यासाठी आधी थोडे मागे जायला हवे. युरोपात इंटरनेटवरील मध्यस्थांची जबाबदारी ठरली ती २००० सालच्या ई-वाणिज्य निर्देशाने. त्याचे सूत्र सोपे होते. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल तो साठवणारी कंपनी दोषी नाही. मात्र तो बेकायदा आहे हे कळल्यावर तिने तो तत्परतेने हटवला पाहिजे. सगळ्या मजकुरावर सरसकट पाळत ठेवण्याची सक्ती सदस्य देशांनी करायची नाही, असेही त्यात होते. पुढे समाजमाध्यमे फोफावली आणि हे सूत्र अपुरे वाटू लागले. जर्मनीने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा करून उघडउघड बेकायदा मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत हटवण्याचे बंधन घातले आणि दंडाची कमाल मर्यादा ५ कोटी युरोंपर्यंत नेली. फ्रान्सनेही तसाच प्रयत्न केला, पण जून २०२० मध्ये तिथल्या संविधान परिषदेने त्या कायद्याचा गाभाच रद्द केला. इतक्या कमी वेळात, न्यायाधीशाच्या निर्णयाशिवाय आणि दंडाच्या टांगत्या तलवारीखाली निर्णय घ्यायला लावले, तर कंपन्या कायदेशीर मजकूरही काढून टाकतील, ही भीती परिषदेला रास्त वाटली. जर्मनीत वेगळाच पेच उभा राहिला. २०१९ मध्ये तिथल्या संघीय न्याय कार्यालयाने फेसबुकला २० लाख युरोंचा दंड ठोठावला, तो मजकूर हटवला नाही म्हणून नव्हे, तर आलेल्या तक्रारींचा आकडा अपुरा दाखवला म्हणून. कायद्याखाली तक्रार करण्याचा अर्ज वापरणाऱ्याला सहज सापडत नव्हता. बहुतेक तक्रारी कंपनीच्या स्वतःच्या नियमांखालच्या बटणावरून जात आणि कायद्याच्या अहवालात मोजल्याच जात नसत. मोजायचे काय आणि कशाखाली, हे ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्यावरच सोपवले तर काय होते, याचा हा पहिला मोठा धडा होता.

नव्या कायद्याने या दोन्ही अनुभवांतून एक शहाणपण घेतले. कोणता मजकूर बेकायदा आहे हे तो ठरवतच नाही. ते त्या त्या देशाच्या आणि महासंघाच्या इतर कायद्यांनी ठरायचे. हा कायदा पाहतो तो कंपनीचा व्यवहार. तक्रार करण्याची सोपी सोय आहे का? मजकूर हटवला, खाते बंद केले किंवा एखादी नोंद लोकांपर्यंत पोचू नये म्हणून खाली दाबली, तर त्याचे कारण संबंधिताला लेखी कळवले का? त्याला कंपनीकडे आणि नंतर न्यायालयाबाहेरच्या तंटा निवारण संस्थेकडे दाद मागता येते का? जाहिरात कोणी दिली आणि ती आपल्यालाच का दिसते, हे सांगितले जाते का? लहान मुलांची माहिती वापरून त्यांना जाहिराती दाखवल्या जातात का? ज्यांचे महासंघात महिन्याला ४ कोटी ५० लाखांहून अधिक वापरकर्ते आहेत, त्यांच्यावर याहून जास्त बोजा आहे. आपल्या रचनेमुळे निवडणुकांना, मुलांना, सार्वजनिक आरोग्याला, मूलभूत हक्कांना कोणती जोखीम पोचते याचा त्यांनी दरवर्षी अभ्यास करायचा, ती कमी करण्याचे उपाय योजायचे, स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून सगळे तपासून घ्यायचे, जाहिरातींचा सार्वजनिक संग्रह ठेवायचा आणि संशोधकांना माहिती खुली करायची. एप्रिल २०२३ मध्ये अशा १९ सेवांची पहिली यादी निघाली. पुढे तीत भर पडत गेली. या मोठ्या सेवांची देखरेख मुख्यतः ब्रसेल्समधल्या युरोपीय आयोगाकडे आहे; बाकीचे काम सदस्य देशांतल्या समन्वयक संस्थांचे. अनेक कंपन्यांची युरोपीय मुख्यालये डब्लिनमध्ये असल्याने त्यातला मोठा वाटा आयर्लंडच्या माध्यम आयोगाकडे जातो. उल्लंघन सिद्ध झाले तर दंड जागतिक वार्षिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत होऊ शकतो.

आता या बंधनांकडे तपासणीच्या दृष्टीने पाहू. त्यांचे सरळ दोन गट पडतात. एका गटात कंपनी स्वतःबद्दल सांगते आणि इतरांनी ऐकायचे. जोखमीचा वार्षिक अभ्यास हे त्याचे ठळक उदाहरण. या अभ्यासांची आणि लेखापरीक्षणांची पहिली खेप २०२४ च्या नोव्हेंबरअखेर लोकांसमोर आली. शेकडो पानांचे ते कागद वाचताना एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवते. कंपनीने कोणकोणते उपाय केले यांची वर्णने भरपूर आहेत. त्या उपायांनी नेमका किती फरक पडला याचे आकडे अगदी विरळ. जोखीम कोणती मानायची, ती कोणत्या पट्टीने मोजायची आणि किती उरली म्हणजे पुरे झाले, हे सारे कंपनीच ठरवते. लेखापरीक्षक स्वतंत्र असला तरी त्याची नेमणूक आणि त्याचा मोबदला कंपनीकडूनच होतो, आणि ज्या क्षेत्रात हिशेबतपासणीचे दंडक अजून घडायचे आहेत तिथे तो तपासतो ती बहुधा कंपनीने स्वतः मांडलेली चौकटच. प्रश्नपत्रिका काढणारा, उत्तरे लिहिणारा आणि परीक्षकाची नेमणूक करणारा एकच असेल, तर निकालपत्राची किंमत किती धरायची, हे वेगळे सांगायला नको.

याच गटात आयोगाने उभारलेला पारदर्शकतेचा सार्वजनिक संचय येतो. सप्टेंबर २०२३ पासून कंपन्या आपल्या निर्णयांची कारणे तिथे पाठवतात आणि नोंदींची संख्या अब्जावधींत गेली आहे. कोणालाही तो पाहता येतो, ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे मोल मी कमी करणार नाही. पण त्यातही ठरावीक चौकटींत खुणा करायच्या असतात आणि कोणती चौकट निवडायची हे कंपनीच ठरवते. मूळ मजकूर तिथे नसतो. त्यामुळे निर्णयांची संख्या कळते, निर्णय योग्य होता का ते कळत नाही. आकडे इतके प्रचंड झाले की त्यांच्या ढिगाऱ्याखाली एकेका माणसाची तक्रार दिसेनाशी होते. तरी या संचयातून एक निष्कर्ष ठामपणे निघतो आणि पुढे तो आपल्या उपयोगाला येणार आहे: नोंदलेल्या निर्णयांपैकी फार मोठा भाग कायद्याच्या उल्लंघनामुळे घेतलेला नसून कंपनीच्या स्वतःच्या अटींचा भंग झाला म्हणून घेतलेला आहे.

दुसऱ्या गटातली बंधने वेगळी आहेत. त्यांचे पालन झाले की नाही, हे बाहेरचा माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकतो. टिकटॉकने एप्रिल २०२४ मध्ये फ्रान्स आणि स्पेनमध्ये ‘टिकटॉक लाइट’ आणले. चित्रफिती पाहिल्या, पसंती दिली, मित्रांना बोलावले की गुण मिळायचे आणि त्या गुणांच्या बदल्यात भेटकार्डासारखी बक्षिसे. मुलांना आणि तरुणांना पडद्याला खिळवून ठेवणाऱ्या या योजनेच्या जोखमीचा अभ्यास ती बाजारात आणण्याआधी व्हायला हवा होता. तो झाला की नाही, हे ठरवायला कंपनीच्या अंतरंगात शिरावे लागले नाही. योजना सगळ्यांसमोर होती आणि तिचा आधीचा अभ्यास समोर नव्हता. आयोगाने २२ एप्रिलला कारवाई सुरू केली, दोनच दिवसांत कंपनीने योजना स्थगित केली आणि ५ ऑगस्टला ती महासंघातून कायमची मागे घेण्याचे तिचे वचन बंधनकारक झाले. १०५ दिवसांत विषय संपला. लिंक्डइनचे प्रकरण याहून साधे. तिथले गट कोणत्या विषयाचे आहेत यावरून माणसाचा धर्म, राजकीय मत किंवा वंश यांचा अंदाज बांधता येतो आणि गटसदस्यत्वाच्या आधारे जाहिरातदारांना माणसे निवडण्याची सोय कंपनीने दिली होती. इतक्या संवेदनशील माहितीवर आधारलेल्या जाहिरातींना या कायद्याने मनाई केली आहे. ही सोय नागरी संघटनांनी हेरली, तक्रार केली, आयोगाने माहिती मागवली आणि जून २०२४ मध्ये कंपनीने युरोपात ती बंद केली. दंड नाही, खटला नाही. जाहिरात देण्याचे पान कोणालाही उघडता येत होते, एवढेच त्यामागचे बळ.

एक्सवरील निर्णय या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. ५ डिसेंबर २०२५ रोजी आयोगाने या कायद्याखालचा पहिला दंड ठोठावला: १२ कोटी युरो. आरोप तीन होते. पहिला निळ्या खुणेचा. पूर्वी ही खूण म्हणजे खातेदाराची ओळख पटवली आहे अशी समजूत होती. आता पैसे भरून ती कोणालाही मिळते आणि खात्यामागे कोण आहे याची खरी पडताळणी होत नाही. म्हणून ही रचना वाचकाची फसगत करते असे आयोग म्हणाला. दुसरा आरोप जाहिरातींच्या संग्रहाबद्दलचा होता. तो उघडायला, त्यात शोधायला अतोनात वेळ लागत होता आणि जाहिरातीचा विषय काय, पैसे कोणी दिले, ही मूलभूत माहितीच त्यात नीट मिळत नव्हती. तिसरा आरोप असा की, सार्वजनिक माहिती स्वतंत्रपणे गोळा करण्यास कंपनीच्या अटींनी संशोधकांना मनाई केली होती. हे तिन्ही आरोप एकत्र ठेवून पाहा. कोणती नोंद हटवली नाही, कोणते मत राहू दिले, यांपैकी एकही गोष्ट त्यांत नाही. समोरचा माणूस कोण आहे, जाहिरातीमागे कोणाचा पैसा आहे आणि या व्यवहारातून समाजात काय घडते आहे, या तीन गोष्टी बाहेरच्या माणसाला तपासता याव्यात म्हणून कायद्याने तीन खिडक्या ठेवायला सांगितल्या होत्या. दंड झाला तो त्या खिडक्या बंद ठेवल्याबद्दल.

बाहेरच्या तपासणीचा सर्वांत जवळचा मार्ग मात्र ब्रसेल्समधून जात नाही, तो साध्या दिवाणी न्यायालयातून जातो. जुलै २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयासमोर एका संशोधकाचे प्रकरण आले. बालकांवरील लैंगिक अत्याचाराचे साहित्य शोधण्यासंबंधी युरोपीय आयोगाचा एक प्रस्ताव होता आणि त्याविषयीच्या बातमीचा दुवा असलेली नोंद त्याने एक्सवर पुढे पाठवली होती. यंत्रणेने ती संशयास्पद मानून त्याचे खाते न सांगता आड ठेवले. कारणांची पुरेशी माहिती दिली नाही आणि संपर्काची योग्य सोय ठेवली नाही, या दोन मुद्द्यांवर न्यायालयाने कंपनीला दोषी धरले. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, त्याच शहरातल्या न्यायालयाने फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांची मालक असलेल्या मेटाविरुद्ध निर्णय दिला. आपल्या आवडीनिवडींची नोंद ठेवून रचलेल्या फीडऐवजी साधी फीड निवडण्याचा हक्क कायद्याने वापरकर्त्याला दिला आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर तो पर्याय होता, पण आडवळणाला होता आणि ॲप पुन्हा उघडले की निवड पुसली जायची. एका डिजिटल हक्क संघटनेच्या दाव्यावर न्यायालयाने सांगितले की केलेली निवड टिकली पाहिजे. नेदरलँड्सच्या संसदेची निवडणूक त्याच महिन्याच्या २९ तारखेला होती, याचीही न्यायालयाने दखल घेतली. इथे पुरावा काय होता? ॲप बंद करून पुन्हा उघडणे. कोणत्याही घरात, कोणत्याही फोनवर करून पाहता येईल असा पुरावा. कायद्यातले बंधन जेव्हा इतके ठोस असते तेव्हा नागरिकच त्याचा निरीक्षक होतो.

मग ज्या गोष्टी बाहेरून दिसतच नाहीत त्यांचे काय? शिफारस यंत्रणा एखाद्या मुलीला स्वतःला उपाशी ठेवायला उत्तेजन देणारी चित्रे एकामागून एक दाखवत राहते का, निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात कोणत्या उमेदवाराच्या चित्रफिती अचानक वर आल्या, हे एका फोनवरून कळणार नाही. रोमानियात डिसेंबर २०२४ मध्ये घटना न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी रद्द केली आणि त्यानंतर काही दिवसांतच आयोगाने टिकटॉकच्या शिफारस यंत्रणेविरुद्ध चौकशी सुरू केली. अशा ठिकाणी कायद्याचे चाळिसावे कलम कामाचे आहे. मान्यताप्राप्त संशोधकांना कंपनीच्या आतली माहिती देण्याची तरतूद त्यात आहे आणि तिचे तपशीलवार नियम ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस लागू झाले. माझ्या मते संपूर्ण कायद्याचा कणा हाच आहे आणि म्हणूनच त्याला सर्वांत जास्त विरोध झाला. संशोधक आणि पत्रकार वर्षानुवर्षे वापरत होते ते ‘क्राउडटँगल’ हे साधन मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आयोगाने मेटा आणि टिकटॉक या दोघांविरुद्ध प्राथमिक निष्कर्ष काढला की, सार्वजनिक माहिती मागणाऱ्या संशोधकांसाठी त्यांनी ठेवलेली प्रक्रिया जाचक आहे. त्याच वेळी मेटाच्या तक्रार व्यवस्थेवरही ठपका ठेवला गेला. बेकायदा मजकुराची तक्रार करणाऱ्याला अनावश्यक पायऱ्या चढाव्या लागतात आणि गोंधळात टाकणाऱ्या रचनेतून जावे लागते, असे आयोगाला आढळले. हे निष्कर्ष प्राथमिक आहेत, कंपन्यांना उत्तर देण्याचा अधिकार आहे आणि अंतिम निर्णयाच्या आधी दोष सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. तरी २०१९ मधला जर्मन दंड आठवा. प्रश्न तोच आहे: तक्रारीचा दरवाजा कुठे आहे आणि तो किती सहज उघडतो?

या मांडणीवर गंभीर आक्षेप आहेत आणि त्यांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिक ठरणार नाही. पहिला आक्षेप सेन्सॉरशिपचा. अमेरिकेत तो अतिशय तीव्रपणे घेतला जातो. डिसेंबर २०२५ मध्ये तर या कायद्याचे एक प्रमुख पुरस्कर्ते, माजी आयुक्त तिएरी ब्रेतों यांच्यासह काही युरोपीय व्यक्तींना अमेरिकेने प्रवेश नाकारला. हा आक्षेप पोकळ नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये एक्सचे मालक इलॉन मस्क यांनी डोनाल्ड ट्रम्प यांची मुलाखत घेण्याच्या तोंडावर ब्रेतों यांनी मस्क यांना कायद्याची आठवण करून देणारे जाहीर पत्र लिहिले. कोणा राजकारण्याची मुलाखत होण्याआधी नियामकाने असे पत्र लिहिणे गैर होते आणि आयोगानेही त्या पत्राशी आपला समन्वय नव्हता असे सांगून अंतर राखले. पण आक्षेपाची कसोटी एका पत्राने लावायची की कायद्याच्या प्रत्यक्ष वापराने? पहिला दंड कोणत्याही मताबद्दल झालेला नाही, हे आपण पाहिले. ॲमस्टरडॅमच्या प्रकरणात तर आयोगाच्याच प्रस्तावाबद्दलची नोंद दाबली गेली होती आणि ती दाबणाऱ्या कंपनीला जाब विचारण्याचे हत्यार त्या माणसाला याच कायद्याने दिले. मघाचा निष्कर्षही इथे जोडून घ्या: मजकूर हटवण्याचे बहुसंख्य निर्णय कंपन्यांच्या खाजगी अटींखाली होतात. कायदा नव्हता तेव्हाही मजकूर हटवला जात होता. फरक एवढाच की तेव्हा कारण मागण्याचा हक्क नव्हता. लेखी कारण देण्याची सक्ती ही सत्तेला, मग ती सरकारची असो वा कंपनीची, लगाम घालणारी सर्वांत जुनी आणि सर्वांत सभ्य युक्ती आहे. धोका उरतो तो जोखीम कमी करण्याच्या सैल शब्दांत, कारण त्यांच्या आडून सरकार कंपनीला न दिसणारे इशारे देऊ शकते. म्हणूनच माझा आग्रह आहे की आयोग आणि कंपनी यांच्यातला पत्रव्यवहारही शक्य तितका बाहेरच्यांना वाचता यावा. तपासणीची किल्ली नागरिकाकडे असावी असे म्हणणाऱ्याने ती नियामकाच्या दारालाही लावून पाहिली पाहिजे.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: हा कायदा फार संथ आहे आणि दंड फार लहान. एक्सविरुद्धची चौकशी डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि तिच्या एका भागाचा निर्णय यायला जवळजवळ दोन वर्षे लागली. कायद्यातली कमाल मर्यादा पाहता १२ कोटी युरो ही रक्कम थोडीच आहे. सदस्य देशही मागे रेंगाळले; मे २०२५ मध्ये आयोगाला पाच देशांविरुद्ध न्यायालयात जावे लागले, कारण त्यांनी आपल्या समन्वयक संस्था नेमल्या तरी नव्हत्या किंवा त्यांना पुरेसे अधिकार तरी दिले नव्हते. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. निळ्या खुणेचा पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असताना दोन वर्षे लागणे समर्थनीय नाही. पण यातून निघणारा धडा केवळ दंड वाढवण्याचा नाही. कंपनी लढायला उभी राहिली की बचावाचा हक्क तिला द्यावाच लागतो आणि त्यात वेळ जाणारच. वेळ वाचतो तो अनेक हातांनी एकाच वेळी काम केले की: संघटनेची तक्रार, संशोधकाची मोजणी, स्थानिक न्यायालयातला तातडीचा दावा. एकाच कार्यालयावर सारा भार टाकला तर ते कार्यालय कितीही कर्तबगार असो, त्याच्या टेबलावर फायलींचा डोंगर होईल. आणि व्यापारी दबाव किंवा परराष्ट्र धोरण यांचा वारा लागून त्याचा हात कधी आखडेल हे सांगता येणार नाही.

तिसरा आक्षेप असा की, एवढे अहवाल, अधिकारी आणि लेखापरीक्षक मोठ्या कंपन्यांनाच परवडतात. म्हणजे ज्यांना आवरायचे त्यांचेच बस्तान पक्के होते. कायद्याने याचा विचार केला आहे. ५० पेक्षा कमी कर्मचारी आणि १ कोटी युरोंपर्यंत उलाढाल असलेल्या लहान उद्योगांना बहुतेक बंधनांतून सूट आहे. मोठ्यांच्या देखरेखीचा खर्चही त्यांच्याकडूनच शुल्काच्या रूपाने घेतला जातो. त्या शुल्काच्या पद्धतीला मेटा आणि टिकटॉक यांनी आव्हान दिले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महासंघाच्या सामान्य न्यायालयाने आयोगाचे निर्णय रद्द ठरवले, कारण ती पद्धत योग्य कायदेशीर मार्गाने ठरवली गेली नव्हती; दुरुस्तीसाठी मुदत दिली. त्याच महिन्यात झालांडो या कपड्यांच्या ऑनलाइन विक्रेत्याने आणि नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने ‘आम्हाला मोठ्या मंचांच्या यादीत घालू नका’ म्हणून केलेले दावे मात्र त्याच न्यायालयाने फेटाळले. नियामकही न्यायालयात हरू शकतो, ही गोष्ट मला या व्यवस्थेच्या बाजूने वाटते. तरी आक्षेपाचा एक भाग उरतोच. विकिपीडिया चालवणाऱ्या ना-नफा संस्थेवरही अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांइतकेच अहवाल लिहिण्याचे ओझे आहे. पाने भरण्याचे बंधन कमी करून खिडक्या उघडण्याचे बंधन वाढवले, तर प्रामाणिक संस्थेचा भार हलका होईल आणि लपवणाऱ्याचा वाढेल.

आता या कायद्यातली एक लहानशी तरतूद सांगतो, जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मजकूर तपासणारी किती माणसे कोणत्या भाषेत काम करतात, हे मोठ्या कंपन्यांना महासंघाच्या प्रत्येक अधिकृत भाषेसाठी वेगळे जाहीर करावे लागते. भाषा २४ आहेत. तिथे जेमतेम पाच लाखांच्या आसपास लोक बोलतात त्या माल्टी भाषेचाही रकाना आहे. या आकड्यांचा उपयोग काय, ते मे २०२४ मध्ये दिसले. एक्सच्या लागोपाठच्या अहवालांची तुलना करून आयोगाने विचारले की, तुमची तपासणी करणारी फौज जवळपास २० टक्क्यांनी घटली आहे आणि महासंघाच्या ११ भाषांवरून तुम्ही ७ भाषांवर आला आहात, हे कसे? उरलेल्या भाषांतली शिवीगाळ, धमकी किंवा अफवा कोण वाचते? हा प्रश्न विचारता आला, कारण रकाना होता.

इथे आपण आपल्याकडे वळू शकतो. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक आहेत; जर्मनी सोडली तर महासंघातल्या कोणत्याही देशाची लोकसंख्या इतकी नाही. भारताच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना तक्रार अधिकारी नेमायला आणि दरमहा अहवाल द्यायला लावले. पण त्या अहवालांत भाषावार हिशेब देण्याची सक्ती नाही. मराठी मजकूर किती माणसे तपासतात, किती तक्रारी मराठीत आल्या, मराठी नोंदी हटवताना यंत्राने किती चुका केल्या, हे विचारायला आपल्याकडे रकानाच नाही. उलट, मुख्य अनुपालन अधिकाऱ्यावर व्यक्तिशः कारवाई होऊ शकते अशी तरतूद आपल्या नियमांत आहे, आणि तिने अधिकारी सरकारच्या हुकमाकडे जितका पाहील तितका नागरिकाच्या प्रश्नाकडे पाहील असे मला वाटत नाही. सत्तेच्या हाती किल्ली गेली की काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर इथे फेसबुकवरच्या नोंदीवरून दोन तरुणींना अटक झाली. त्या संतापातून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ‘६६ अ’ हे कलम रद्द केले. सरकारविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे सरकारच्याच पथकाने ठरवावे ही २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयात सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरली. या दोन निकालांनी सरकारचा हात आवरला. कंपनीचा कारभार नागरिकाला दिसावा, हे दुसरे अर्धे काम अजून व्हायचे आहे.

युरोपचा कायदा जसाच्या तसा उचलून आणावा असे मी म्हणत नाही. त्याच्या मागे स्वतंत्र नियामक, तत्पर न्यायालये, हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटना आणि संशोधनाला पैसा देणारी विद्यापीठे आहेत. त्या मातीवाचून नुसते रोप आणले तर ते सरकारी हुकमाचे झाड होण्याची भीती मोठी. पण तिथल्या अनुभवातून निघालेली कसोटी आपण आजच वापरू शकतो. समाजमाध्यमांविषयीचा कोणताही नवा नियम दिल्लीत किंवा मुंबईत मांडला गेला की, त्यातल्या प्रत्येक बंधनापुढे एक प्रश्न लिहावा: हे पाळले गेले की नाही, हे साताऱ्यातल्या शिक्षिकेला, नागपुरातल्या वकिलाला, पणजीतल्या पत्रकाराला स्वतः पाहता येईल का? उत्तर ‘हो’ असेल तर तो नियम जगेल. उत्तर ‘कंपनी सांगेल’ किंवा ‘सरकार सांगेल’ असे असेल, तर तो दुरुस्तीसाठी परत पाठवावा. आणि सुरुवात कुठून करायची असे कोणी विचारले, तर ती एका ओळीपासून करावी. या कंपन्यांच्या अहवालात भाषांचा तक्ता असावा, त्यात ‘मराठी’ अशी ओळ असावी आणि त्या ओळीपुढे किती माणसे आहेत, तो आकडा असावा. तो आकडा शून्य असला तरी चालेल. शून्य दिसले म्हणजे निदान ते का आहे, हे विचारता येईल.